एकादशीच्या मौनाविषयी दादास

कोपर, डोंबिवली (पश्चिम)
८ एप्रिल १९९६, चैत्र वद्य पंचमी

तीर्थस्वरूप परशुरामदादास,

धाकट्या शालनचा साष्टांग नमस्कार. इकडे देवाच्या कृपेने सगळे ठीक. तिकडेही तसेच असो असे लिहिणार होते, पण तुझ्या बिल्डिंगला नळ आहेत आणि पाणी नाही हे ठाऊक असताना तसे लिहिणे बरे दिसत नाही. रतनवहिनींची कंबर कशी आहे? (टँकरवाल्याला बादल्या वर आणून द्यायला सांग. एवढे जिने त्यांच्या वयाला झेपायचे नाहीत.) हा कागद ह्यांच्या ऑफिसातल्या जुन्या परिपत्रकाचा पाठकोरा आहे. पुढची बाजू वाचत बसू नकोस, तिच्यात काही नाही.

पत्रास कारण माझा दीर उत्तम. तो ठाण्याला जनसंपर्काच्या ऑफिसात लागला हे तुला कळवलेच होते. जनसंपर्क म्हणजे मोठ्या लोकांबद्दल पेपरात काय छापून येते ते रोज शोधायचे, कापायचे, फायलीत चिकटवायचे आणि त्यांना नेऊन दाखवायचे. (ते स्वतःच पेपर का वाचत नाहीत असे मी विचारले. उत्तम म्हणाला, "वहिनी, ते वाचायला लागले तर आम्ही खायचं काय?") त्याच्या वाट्याला आले घोडबंदर रोडचे दौलतशेठ, म्हणजे तुझेच बिल्डर. उत्तमला सकाळी उठून पेपर उघडणे ही शिक्षा वाटते, म्हणून कात्री आणि खळ माझ्याकडे आली. एवढ्या वर्षांनी मॅट्रिकचा उपयोग झाला म्हणून मी देवापुढे साखर ठेवली.

पहिलाच दिवस नेमका महाशिवरात्रीचा. शेठची बातमी दुसऱ्या पानावर, आणि तिच्या बरोब्बर पाठीमागे, पहिल्या पानावर, शंकराची पिंडी. कात्री लावली असती तर पिंडीचे दोन तुकडे झाले असते. उपासाच्या दिवशी ते माझ्या हातून होणे नाही. मी सगळी बातमी स्वच्छ अक्षरात कागदावर उतरवली, वर श्री घातला आणि उत्तमच्या हाती दिली. शेठना म्हणे बारीक छपाई दिसत नाही. माझे टपोरे अक्षर पाहून ते इतके खूश झाले की रोज असेच पाठवा म्हणून निरोप आला.

आता तूच सांग, वर श्री घातल्यावर खाली अमंगळ कसे लिहायचे? कोणाच्याही घरी सकाळी सकाळी वाईट शब्द धाडू नये हे आईनेच आपल्याला शिकवले. तेव्हा उतरवताना मी अशुभ तेवढे बाजूला ठेवत गेले. "पाण्याअभावी रहिवाशांचे हाल" असे होते तिथे "रहिवासी पाण्याची आतुरतेने वाट पाहत आहेत" असे लिहिले. "भिंतींना तडे" होते तिथे "घरात हवा खेळती आहे" असे लिहिले. खोटे एक अक्षर नाही.

एवढ्यात वाचकांच्या पत्रव्यवहारात तुझी पत्रे सुरू झाली, खाली बाबांच्या नावासकट पूर्ण सही आणि पत्ता. (टोपणनाव घेतले असतेस तर काय बिघडले असते?) तुझ्या पत्रांना मात्र मला फार मेहनत पडली. तू लिहिलेस, दौलतशेठना भर चौकात गाठून जाब विचारला पाहिजे. मी लिहिले, दौलतशेठना भर चौकात भेटण्याची सर्वांची इच्छा आहे. तू लिहिलेस, असा बिल्डर वैऱ्यालाही मिळू नये. मी लिहिले, असा बिल्डर सर्वांनाच मिळत नाही. रागावू नकोस. मी वगळले ते वगळले, उरले ते तुझेच आहे.

त्या "सर्वांनाच मिळत नाही"ने सगळा घोटाळा केला. शेठ उत्तमला म्हणाले, "कोण रे हा परशुराम? एवढा जीव लावणारा माणूस आपल्याच बिल्डिंगमध्ये राहतो आणि आपल्याला पत्ता नाही?" तर येत्या रविवारी, वरूथिनी एकादशीला, शेठच्या नव्या बिल्डिंगचे भूमिपूजन आहे. तिथे शाल-श्रीफळ देऊन तुझा सत्कार होणार आणि तू दोन शब्द बोलणार असे ठरले आहे. आमंत्रण घेऊन उत्तम गुरुवारी येईल. त्याच्या तोंडावर दार लावू नकोस.

शेठ खूश म्हणून उत्तमचे साहेब खूश, आणि म्हणून त्याच दिवशी ते उत्तमला नोकरीत कायम करणार आहेत. त्यावर त्याचे लग्न अडले आहे. मुलगी शीला, इथलीच, खाडीवरच्या गोमाजीकाकांची. (त्यांच्याकडची मासळी आणि माझे सोवळे याबद्दल मी देवाशी बोलून घेतले आहे.) काका स्पष्ट म्हणाले, "पोरगा बरा हाय, पन नोकरी कच्ची हाय. पक्की झाल्याबिगर सुपारी फोडनार नाय." उत्तमने तेव्हापासून अन्न टाकल्यासारखे केले आहे. मी वाढते आणि तो भिंतीकडे बघत बसतो. तू माइकपुढे उभा राहून तुझे ते दोन शब्द बोललास तर नोकरी गेली आणि शीलाही गेली. म्हणून पदर पसरते, एकादशीला मौन धर. गळ्यात "आज मौन" अशी पाटी घाल, नारळ घे, हात जोड आणि खाली बस. पुण्यही लागेल.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझी,
शालन

ता. क. तुझे परवाचे पत्र मी दोनदा वाचले. बादली घेऊन वहिनी जिन्यात पडल्या ते वाक्य मला काही केल्या शुभ करता येईना. शेवटी शेठना लिहून दिले की आज पेपरात काही नाही. त्या दिवशी मलाही जेवण गेले नाही.

आणखी ता. क. कायम केल्याचा कागद साहेब मंडपातच देणार आहेत, चहाच्या वेळी, भाषणांच्या आधी. उत्तमने तो खिशात घातला की तो तुझ्याकडे बघून मान हलवील. मौन तेवढ्यापुरतेच धर. मग पाटी काढ आणि पाण्याचे सगळे बोल, वहिनींच्या कंबरेचे तर आधी बोल. माइक ओढून घ्यायला कोणी आले तर घाबरू नकोस. गोमाजीकाकांना मी पुढच्याच रांगेत बसवणार आहे, आणि जन्मभर जाळी ओढलेले हात आहेत ते.