तुझं एक मत

तेपाऊ, माझ्या धाकट्या भावा,

स्वराज्याआधीच्या या निवडणुकीत साऱ्या बेटाने सेमूलाच निवडायचं, असं सभाघरात ठरलं. तरी तू उभा राहिलास. स्वतःलाच मत द्यायची लाज वाटली, म्हणून तुझं मतही सेमूलाच दिलंस. मतं मोजायला आलेल्या गोऱ्या साहेबाने मतपेटी उपडी केली, तर तुझ्या नावाचं एकच मत!

“लोसा, बेटाचा शब्द तूच मोडलास ना?” प्रमुखांनी विचारलं. “नसशील तर तसं सांग आणि बस सगळ्यांबरोबर जेवायला.”

समोरून तू भरल्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत होतास. इकडे समुद्र, तिकडे खाडी!

“मीच,” मी म्हटलं.

आता सभाघरात मला कोणी वाढत नाही. तू मात्र रोज मासा आणतोस, “ताई, रक्त ते रक्त!” म्हणतोस.

बाळा, मीही सेमूलाच मत दिलं. तुझा तो एकटा मतदार त्यांच्यात मुकाट जेवतोय. खरं बोलले तर मीही जेवेन. पण तुला बहीण उरणार नाही. म्हणून हे पत्र माझ्यापाशीच राहील.

तुझी ताई,
लोसा