पुलाखालचा जोड

९ ऑगस्ट

दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी फोन मेला. माझा, शेजारणीचा, कोपऱ्यावरच्या दुकानदाराचा — सगळ्यांचाच. नदी चढतेय. धाकटी बहीण पुलापलीकडे, एकटी. वेळ लिहून ठेवली. टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं काढली, सवय जात नाही.

१२ ऑगस्ट

धाकटी गेली.

१७ ऑगस्ट

तिच्या मुलाने तिचा मोबाइल आणून दिला. "मावशी, तुझ्याकडेच राहू दे." प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवला होता तिने, म्हणून वाचला. मला एकोणीस वेळा लावलाय. शेवटचा त्याच ९ तारखेला, पाच वाजून पाचला. आमच्या काठाला होडी रिकामी बांधलेली होती. एक लागला असता तरी पुरे होतं.

रडू येत नाही. मोबाइल पुसून कपाटात ठेवला. मग काढून पुन्हा पुसला.

२१ ऑगस्ट

टेलिफोनच्या कार्यालयात गेले. साहेब माझ्या भाच्याच्या वयाचा, शर्टाला इस्त्री अशी की वाकला तर मोडेल! पुराचा अहवाल दाखवला. धोका — मध्यम. कंपन्या तीन, टॉवर तीन, त्यामुळे म्हणे एक पडला तरी दोन उभे. मी म्हटलं, तिन्ही उभेच होते की! तिघांची तार पुलाखालच्या एकाच खड्ड्यातल्या एकाच जोडातून जाते. नळ तीन, टाकी एक.

हा तिसरा पूर. दर पुराचा अहवाल वेगळा, जणू दरवेळी पहिलाच. आधीच्या दोन पुरांनी तो जोड किती कुजवला, त्याला रकानाच नाही.

"तुमचा अनुभव मोठा आहे बाई, पण —"

'पण'च्या पुढचं ऐकलं नाही. चहा तसाच ठेवून आले.

२२ ऑगस्ट

तक्रार लिहिली. कॉन्व्हेंटमधल्या नन म्हणायच्या, राग आला की अक्षर आणखी सरळ काढ. काढलं. मागण्या दोन. दुसऱ्या वाटेने दुसरी तार कधी टाकणार? आणि हा जोड चालेल असा शेरा कोणी मारला? नाव हवं.

२ सप्टेंबर

साहेब स्वतः घरी आला. बस म्हटलं तरी बसला नाही. जुन्या नोंदवहीतलं पान हातात दिलं. अकरा वर्षांपूर्वीचं, पहिल्या पुरानंतरचं. 'जोडाची दुरुस्ती तात्पुरती. चालेल.' खाली सही.

"हे पान अहवालाला जोडलंच पाहिजे असं नाही, बाई," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

अक्षर सरळ होतं. माझं.

आठवलं. त्या आठवड्यात धाकटी रोज कुणाबरोबर तरी निरोप धाडायची — ताई, जीव कंटाळला, लाइन लाव ना गं. लावली.

३ सप्टेंबर

तक्रार नव्याने लिहिली, पान जोडलं. शेरा मारणाऱ्याच्या रकान्यात माझं पूर्ण नाव, तेव्हाचा हुद्दा, आताचा पत्ता. तारेचं उत्तर साहेबाने द्यायचं. शेऱ्याचं मी. दोन्ही लेखी, १५ सप्टेंबर, संध्याकाळी पाचच्या आत.