त्रेसष्ट रचनांची शुद्ध प्रत

१३ जानेवारी २००४, मंगळवार
संगीतकार टेन ब्रूक यांच्याकडे दुसरी फेरी. डब्लिनपर्यंत (आयर्लंडचे नव्हे, इथले उपनगर) दोन बस, पुढे बर्फातून वीस मिनिटे पायी. वय सत्त्याऐंशी, गुडघे गेलेले, आवाज शाबूत. त्यांच्या सर्व संगीतरचनांची यादी आज पूर्ण झाली. त्रेसष्ट. हॉलंडमधल्या एका खेड्यातील चर्चच्या ऑर्गनवादकाचा मुलगा; युद्धानंतर बोटीने अमेरिकेत; तीस वर्षे कॉलेजात अध्यापन; एक सिंफनी, एकदाच वाजलेली. आयुष्य दोन पानांत बसले.
मार्चअखेर ते वृद्धाश्रमात जाणार. त्यांनी सही केलेल्या यादीत ज्या रचना असतील तेवढ्यांचीच हस्तलिखिते आमच्या विद्यापीठाचे ग्रंथालय नेणार, उरलेली खोकी कचऱ्यात. म्हणून माझी, विद्यार्थी-मदतनिसाची, नेमणूक. यादी हातानेच लिहायची, ही त्यांची अट. "छापलं की माणूस मेल्यासारखा वाटतो." माझे अक्षर पसंत पडले.

२० जानेवारी
लाल पेन्सिलीने नऊ रचना खोडल्या! सिंफनीसुद्धा. कारण काय, तर "आज मी यांच्याखाली सही करणार नाही." मग सत्तर वर्षे काय केले?
घरी येऊन चोपन्न रचनांची शुद्ध प्रत केली. खाडाखोड असलेला कागद कुणापुढे ठेवणे माझ्याच्याने होत नाही. शाळेत गणिताच्या बाई एका काटछाटीसाठी अख्खी वही परत करीत. जुना कागद रिसायकलच्या डब्यात.

३ फेब्रुवारी
आणखी अकरा गेल्या. पुन्हा शुद्ध प्रत. हाताला पेटके. अभ्यास तसाच पडलेला.
मृणाल (रूममेट, नागपूरची) पोहे खात ऐकत होती. "यार, तू मोठ्यानं वाचत लिहितेस, आता माझंपण पाठ झालं. ती बासरी आणि व्हायोलाची सोनाटा कॅन्सल झाली का गं? बिचारी."

१७ फेब्रुवारी
आज तळघर. तिथे चक्क पायपेटी! शाळेच्या प्रार्थनेला हातपेटी असे, तिची थोरली बहीण म्हणावी. त्यांच्या गावी घरोघरी असत म्हणे, स्तोत्रे म्हणायला. यादीतील क्रमांक एक तिच्यासाठीच लिहिलेला: चौदा लहान तुकड्यांचा संच, विसाव्या वर्षी, आईकरिता. गुडघ्यांमुळे त्यांना पाय मारता येईनात. मग मी खुर्चीवर शेजारी, पाय माझे, बोटे त्यांची.
"सायकल नाही ही! श्वास घे, श्वास!"
तिसऱ्या तुकड्यापासून जमले. पाचवा संपला तेव्हा मी पाय थांबवायचे विसरले, पेटी नुसतीच सुस्कारत राहिली. इतके साधे आणि इतके...
वर आल्याबरोबर क्रमांक एक खोडला. "स्वयंपाकघरातलं संगीत. लोक हसतील."
"मी हसले का?" माझ्या तोंडून निघून गेले.
"तुला कुठे वेळ होता? तू पाय मारत होतीस."
परतीच्या बसमध्ये सारा वेळ संताप.

२ मार्च
अकरा उरल्या. एक पान. अतिशय सुबक. पाहवत नाही.

९ मार्च
सुझनला (संगीत-ग्रंथालयातील माझी वरिष्ठ) यादी दाखवली. तिने कौतुक केले, मग विचारले, "आणि खोडलेल्या याद्या कुठायत?"
टाकल्या, म्हटले.
"अगं, त्यांच्या हातच्या रेघांसकट त्रेसष्टची यादी असती, तर तिच्यावरच सही मागितली असती. खोडलेलं म्हणून नोंदलं असतं आणि सगळी खोकी उचलली असती."
बावन्न रचना मी डब्यात घातल्या. नीटनेटकेपणापायी. ओरडली असती तर बरे झाले असते.

१६ मार्च
सकाळी पानापुढे बसले आणि त्रेसष्टही नावे क्रमाने उतरली, कुठेही न अडखळता. पाठांतराचा आयुष्यात पहिल्यांदा उपयोग. आता या कागदाचे काय करू? अक्षर माझे, स्मरण माझे, संगीत त्यांचे, आणि त्यांना ते नको आहे. गुपचूप सुझनला देणे ही चोरीच.
मृणाल: "डायरेक्ट विचार ना त्यांना!"
"अगं, मी वर्गात पाणी प्यायला जाऊ का, हेसुद्धा कधी विचारलं नाही."
"मग आता विचार. मी ड्राइव्ह करते. गाडीत रडायचं नाही, बास."

२३ मार्च
विचारले. म्हणजे दोन्ही याद्या टेबलावर ठेवल्या आणि पाठ केलेले वाक्य म्हटले: "कोणत्या यादीवर सही करायची, ते तुम्ही ठरवा. जुने कागद मी फेकले, ती चूक माझी."
त्यांनी त्रेसष्टची यादी वाचली. हळूहळू, बोट ठेवून.
"कुठून उतरवलीस?"
"कुठून नाही. पाठ आहे."
"सगळी?"
"पाच याद्या लिहून घेतल्यात माझ्याकडून!" आवाज चढला होता माझा. चढला तर चढला.
त्यांनी लाल पेन्सिल उचलली. क्रमांक एकच्या ओळीतला 'चौदा' खोडून वर 'पंधरा' लिहिले. "एक आईला आवडला नाही, म्हणून फाडला. तोही आठवतो मला."
बस, एवढेच. सही दोन्हींवर नाही. खोकी न्यायला गाडी गुरुवारी येणार, "तोवर दोन्ही इथेच राहू देत."
त्या एका काटछाटीने सबंध पान बिघडले आहे. नवी प्रत करून देऊ का, असे मी विचारले नाही. दारातून वळून पाहिले, तर पेन्सिल अजून त्यांच्या हातातच होती.