घागरीवरचं नाव

अण्णादादा,

उन्हाळी शिबिर बंद करायच्या हुकमावर तुझी सही बघितली अन् माझं डोकंच फिरलं. लातूर नवा जिल्हा झाला, तू तिथं साहेब झालास, अन् पहिलं पोरांचं शिबिरच सापडलं? म्हणे दुष्काळात पाणी न्हाई!

मग आम्ही कार्यकर्ते अहमदपुरात दारोदार घागरभर पाणी मागत फिरलो. तुझ्या घरापुढून मी मान फिरवून गेले. तर वैनीच मागच्या दारानं भरली घागर घेऊन आली. "ह्यांना सांगू नका बाई."

तिला शब्द दिला, म्हणून हे पत्र टाकणार न्हाई. पण आज शिबिर भरलं. घागरीवर तुझं नाव कोरलेलं हाय. पाणी पिताना पोरं विचारायलेत, "हे अण्णाराव कोण?"

काय सांगू त्यांना?

तुझ्यावर चिडलेली बहीण,
महानंदा