रंगीत तालीम यशस्वी

तीर्थरूप काकांना,

पुतणीचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि काकू अजून तुमच्या चहातली साखर चमचा उलटा धरून घालतात का, ते कळवा. (दुसऱ्याचं उत्तर मी काकूंकडूनच घेईन, तुमच्यावर भरवसा नाही.) बाबा मजेत आहेत. घरातली पहिली पदवीधर शाळेत लागली हे सांगून त्यांचं अजून झालेलं नाही. परवा त्यांनी ते दातांच्या डॉक्टरांना सांगितलं, तोंडात कापूस असताना. मीही मजेत आहे असं लिहिणार होते, पण तुमची पस्तीस वर्षं आगीच्या बंबावर गेली. तुमच्याशी धुराबद्दल काय खोटं बोलायचं.

आमच्या शाळेचं सभागृह वरच्या मजल्यावर आहे आणि त्याला दोन दारं आहेत, हे मी पहिल्याच दिवशी पाहून ठेवलं होतं. (तुमचीच सवय लागली आहे. आई म्हणते, ही मुलगी लग्नालाही आधी बाहेर जायचं दार बघेल.) पुढच्या जिन्याच्या दारातून दोन मुलं जोडीने निघाली की तिसऱ्याचं दप्तर अडकतं. मागच्या जिन्याच्या दाराला कुलूप आहे. किल्ली विचारली तर कारकून शिपाईदादांकडे बोट दाखवतात, शिपाईदादा म्हणतात ती आधीच्या कारकुनांकडे, आणि आधीचे कारकून निवृत्त होऊन लेकीकडे राहायला गेले. मी मुख्याध्यापकांना तीन अर्ज दिले. ते माणूस म्हणून वाईट नाहीत, काका. त्यांनी तिन्ही अर्जांतलं शुद्धलेखन वाखाणलं आणि शांतपणे समजावलं, की मुलं मागून पळू नयेत म्हणून ते कुलूप आहे, म्हणजे ते सुरक्षेसाठीच आहे.

मग वरून पत्रक आलं, की प्रत्येक शाळेने आग लागल्यास काय करावे याची रंगीत तालीम घ्यावी. मला वाटलं, देव पावला. कोणता वर्ग कोणत्या जिन्याने उतरेल, मैदानात कुठे उभा राहील, हजेरी कोण घेईल, असा नकाशा मी तीन रंगांत काढला. पण 'रंगीत तालीम' हे दोन शब्द वाचल्याबरोबर मुख्याध्यापकांनी पत्रक स्नेहसंमेलनाच्या बाईंकडे धाडून दिलं. (त्यांना आम्ही पडदेबाई म्हणतो, त्यांच्यासमोर नाही.) त्यांनी शाळा सुटायच्या आत दहा मुली ज्वाला म्हणून निवडल्या, त्यांना नारिंगी कागदाच्या झालरी शिवायचं ठरवलं, आणि आठवीतल्या एका गोलमटोल मुलाला करड्या चादरीत गुंडाळून धूर केलं. मी म्हटलं, अहो बाई, इथे रंगीत तालीम म्हणजे घंटा वाजवून मुलांना खरोखर बाहेर काढायचं. त्या म्हणाल्या, बाहेर काढलं तर बघणार कोण. माझा नकाशा त्यांना आवडला. त्याच्या पाठीमागे गाण्यांचा क्रम लिहिला गेला. मला 'जागरूक शिक्षिका' ही भूमिका मिळाली, दोन वाक्यांची, दुसऱ्या गाण्यानंतर.

आणि तालमीच्या दिवशी पहिलं गाणं चालू असताना, काका, खरंच पेटलं. फार नाही, ताटाएवढं. रंगमंचाच्या बाजूच्या दिव्याची वायर चरचरली आणि पडद्याची कड धुमसायला लागली. सभागृहात एकशेचाळीस मुलं होती. ती टाळ्या वाजवायला लागली. मी ओरडले, सगळे उठा, रांगेने बाहेर चला. पडदेबाई पडद्याआडून कुजबुजल्या, की तुमचा प्रवेश अजून आलेला नाही. ज्वाला झालेल्या मुली खऱ्या ज्वाळेपासून चार हातांवर ठेका धरून नाचत होत्या. मी धावत मागच्या दाराशी गेले, कुलूप दोन्ही हातांनी हिसकलं. शेजारच्या बाकावरची चौथीतली एक चिमुरडी माझ्याकडे निरखून बघत होती.

"बाई," तिने विचारलं, "हे कुलूप खरं आहे की नाटकातलं?"

मी शिकलेली बाई, खात्री करायला ते आणखी एकदा हिसकून पाहिलं. तोवर शिपाईदादांनी पिण्याच्या पाण्याचं पिंप पडद्यावर उपडं केलं होतं. (आगीसाठीच्या बादल्यांमधली वाळू बागेतल्या कुंड्यांना गेली आहे.) त्यांना दोनदा टाळ्या मिळाल्या. भाषणात मुख्याध्यापकांनी धुराच्या हुबेहूबपणाचं खास कौतुक केलं, आणि अहवाल गेला: रंगीत तालीम यशस्वी. दुसऱ्या दिवशी मला बोलावून त्यांनी अगदी आपुलकीने विचारलं:

"तालीम तर झाली. आता मुख्य प्रयोग कधी ठेवायचा?"

तेव्हापासून वर्गात शिकवताना माझं निम्मं लक्ष त्या एकशेचाळीस जणांच्या पायांकडे असतं, आणि पुढच्या जिन्याच्या रुंदीकडे. कुणाला सांगावं तेच कळत नाही. बाबांना सांगितलं तर ते म्हणतील, मोठ्या साहेबांना लिही. लिहिलंय. तिथूनही शुद्धलेखनाचं कौतुक आलं.

काकूंना नमस्कार, तुम्ही औषध वेळेवर घ्या.

तुमची,
पुतणी

ता. क. मुख्य प्रयोगाला प्रमुख पाहुणे म्हणून तुम्हाला निमंत्रण येईल. नाव मीच सुचवलं. नाही म्हणू नका, गणवेश घालून या.

ता. क. दुसरा. मी मुख्याध्यापकांना चौथा अर्ज दिला. त्यात सुरक्षा हा शब्दच घातला नाही. 'मागच्या जिन्याचे उद्घाटन' असा विषय लिहिला. अर्ध्या मिनिटात मंजूर झाला, फोटोवाला सुद्धा ठरला. फीत कुलपावरच बांधणार आहेत. तुम्हाला तबकात कात्री देतील, ती घेऊ नका. लोखंड कापायचं तुमचं ते मोठं अवजार घरी असेल तर आणा.

ता. क. तिसरा. आत्ताच शिपाईदादा सांगून गेले, की समारंभ आटोपल्यावर लावायला नवं कुलूप आणून ठेवलंय. तेव्हा काका, कुलूप राहू द्या. कोयंडाच कापा.