सूचनेत राहून गेलेलं अक्षर

मावशी,

आधी दुरुस्ती, मग नमस्कार. मागच्या पत्रात मी 'ऑफिसातला कॉम्प्युटर बिघडला' असं लिहिलं होतं. तो बिघडला नव्हता. त्याला जे सांगितलं ते त्याने इमानेइतबारे केलं, आणि सांगणारी मी होते. आता तुला वाकून नमस्कार, आणि काकांना उभ्यानेच (वाकलं की ते लाजतात आणि चष्मा शोधायला लागतात). तुझा गुडघा कसा आहे? नुसतं 'बरा आहे' लिहू नकोस; कुठला बरा आहे ते लिही.

झालं असं. आमच्या नकाशांच्या ऑफिसात काम चालतं ते सॉफ्टवेअर फुकटचं; कुणीही वापरावं, कुणीही दुरुस्त करावं अशा बेताचं. त्यात माणसांचे गट असतात. स्कॅनरच्या गटात असलात तर स्कॅनर तुमचं ऐकतो, छपाईच्या गटात असलात तर प्रिंटर, आणि कारभाऱ्यांच्या गटात असलात तर कुणाला कुठल्या गटात घ्यायचं ते तुम्ही ठरवता. छपाईच्या आणि कारभाऱ्यांच्या गटांत मी होतेच, मला स्कॅनरचाही हवा होता. माहितीपुस्तिकेतली ओळ मी बोट ठेवून, दोनदा ताडून टाइप केली (तू शिकवलंस तशी). स्कॅनर ऐकायला लागला. बाकी कुणी ओळख दाखवेना. पुस्तिकेतल्याच त्या ओळीत एक इंग्रजी 'ए' राहून गेला होता. तो असला तर 'हिला याही गटात घ्या' असा हुकूम जातो. नसला तर 'हिला याच गटात ठेवा, बाकीच्यांतून काढा'. मी कारभाऱ्यांतूनही गेले, त्यामुळे झालेलं निस्तरायचा हक्कसुद्धा गेला.

मला आपला जिना आठवला. शाळेत नाव घालायच्या आधी तू माझ्याकडून 'घर कसं बंद करावं' असा निबंध लिहून घेतला होतास, आणि कागद हातात धरून त्यात होतं तेवढंच केलंस. किल्ली बरोबर घ्यावी हे मी लिहिलं नव्हतं. दार ओढलं, लॅच लागलं. काका येईपर्यंत आपण पायरीवर बसलो आणि तू मला भागाकार शिकवलास.

इथे आमचे सिस्टिमवाले दाढ काढायला रजेवर होते, ते तसेच आले आणि मला परत सगळ्या गटांत घातलं. सुजलेल्या गालाने ते काय बोलले ते मला कळलं नाही, त्यामुळे माझा अपमान झाला की नाही हे अजून ठरायचं आहे.

मग मी पुस्तिकेतली चूक कळवली. (एका 'ए'साठी दीड पान. त्यात 'कदाचित माझंच चुकत असेल' इतक्यांदा आलं की वाचणाऱ्याला तेच खरं वाटावं.) पुस्तिका सांभाळणाऱ्या, कधी न पाहिलेल्या माणसाचं उत्तर आलं, की दुरुस्ती बरोबर दिसते, पण यातलं काही न येणाऱ्या कुणाकडून त्या सूचना ओळीने करवून घ्या, मग छापू. असं माणूस आणू कुठून? टायपिस्टबाईंना बसवलं, तर त्या अर्ध्यातच "कळलं गं, कळलं" म्हणत उठल्या. सिस्टिमवाले राहिलेला शब्द स्वतःच्या डोक्यातून भरतात. लिहिलंय तेवढंच करणारं आणि न लिहिलेलं मुद्दाम न करणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलंय.

जिना सावकाश उतरत जा.

तुझी,
पहिली आणि शेवटची विद्यार्थिनी

ता. क. तुला इथे बोलवत नाही, इथेही जिनेच आहेत. जुना लॅपटॉप घेऊन मीच यावं म्हणते, तुला चालणार असेल तर. ('चालणार असेल तर' खोडायचं होतं. राहू दे.)

आणखी एक ता. क. मी नोकरीला निघताना तू म्हणालीस, "आता तिकडची हो. इकडे जीव अडकवू नकोस." मी ते सांगितल्याबरहुकूम पाळलं, म्हणून वर्षभर आले नाही. 'मी इथे छान रुळले' असं लिहिलं होतं, तेही दुरुस्त करून वाच. संध्याकाळी खोलीवर येते, दिवा लावते, आणि 'उशीर का झाला' असं कुणी विचारत नाही. मग मीच मनात तुला कारण सांगते, अगदी सविस्तर. मावशी, तुझ्याही सूचनेत तेवढं एक अक्षर, 'तिकडचीही'मधला 'ही', राहून गेलं असेल का?

शेवटचं. घराची किल्ली अजून माझ्याकडे आहे. तू परत मागितली नाहीस; विसरलीस की ठेवू दिलीस, हे विचारायचा मला धीर झालेला नाही. किल्ली असली तरी मी बेलच वाजवीन. शनिवारी, चौदा तारखेला.