टाक्यातली कासवं

चैत्र शुद्ध ३, शके १७८७

थोरलं बरं आहे, भाकरीचा काला खाल्ला. लंगडंही बरं. बारक्याचं कळत नाही — फुटक्या माठाच्या खापराखाली दडून असतं. घरच्या विहिरीचा गाळ काढणं चालू आहे, तोवर विहिरीतली तिन्ही कासवं अंगणातल्या दगडी टाक्यात. विहिरीत दगडांच्या सांदीत शिरायची, महिनोन्‌महिने दिसायची नाहीत. आता रोज भेट!

मनकर्णा, आमची म्हातारी, म्हणाली, "कासवाइची इचारपूस करून राह्यले! सुनेले इचारलं का कवा, बरी हायेस का?"

सुभद्रा? तीही बारक्यासारखीच. मुलाच्या, चंद्रभानाच्या गाड्या बाजारातून परतायच्या असल्या की कापसाच्या कोठीत, आतून कडी. नवऱ्याला इतकं लाजायचं?

"लाजून नाई दडत जी ते—" एवढं बोलून म्हातारी चुलीकडे वळली.

शुद्ध ५

खापरं काढली. कोठीची आतली कडीही उखडली. घरात काय परके आहेत? मिळूनमिसळून राहा म्हणावं!

शुद्ध ६

टाक्याचं पाणी लाल. थोरल्यानं बारक्याचा पुढचा पाय तोडला. बारकं चारी कोपरे फिरलं, शिरायला जागा नाही. लंगड्यानंही मागून लचका घेतला — विहिरीत वर्षं एकत्र काढलेली ही! काठी घातली तर थोरल्यानं काठीच धरली. बारक्याला घंगाळात वेगळं ठेवलं. खात नाही.

शुद्ध ९

चंद्रभान अमरावतीहून आला. विलायतेपलीकडची, अमेरिकेतली लढाई थांबते म्हणे, कापूस कोणी विचारीना. आल्याआल्या बैलाला चाबकानं रक्त निघेतो मारलं. मग — "कुठी हाय ते?"

कोठीचं दार त्यानं नुसतं ढकललं.

मी पोचेतो जुवाची शिवळ, ती हातभर लाकडी खुंटी, तिच्या दंडावर तीनदा बसली होती. हाड मोडल्याचं मी कानानं ऐकलं. पोरावर जन्मात पहिल्यांदा काठी उचलली. डोकं फुटलं त्याचं. फुटू दे!

सुभद्रा आजवर माझ्याशी बोलली नव्हती. पदर सावरत म्हणाली, "मामाजी, कडी तेवढी राहू द्याची होती."

म्हातारी माझ्याकडे बघतच नाही.

शुद्ध ११

शेंदूरजन्याला व्याह्यांकडे गाडी निघाली. सुभद्रेसोबत चिठ्ठी दिली — "पुंजारामजी, लेक धाडतो. हात मोडला आहे, आमच्या घरात मोडला. चंद्रभान न्यायला आला तर दार उघडू नका. मी आलो, पाया पडलो, तरी उघडू नका. ती पोचल्याचं लवकर कळवा."